चार बोटं पाणी

मासे पकडणाऱ्या माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे. बायको गेल्यामुळे ते तसं झालेलं नाही. ज्याला घरात कोणी काम सांगत नाही तो गळ घेऊन पाण्याकाठी जाऊन बसतो आणि परत आल्यावर हातभर माशाची गोष्ट सांगतो. तो मासा कुणी पाहिलेला नसतो. आमच्या गावाबाहेरच्या तळ्यावर तर पकडलेला मासा सोडून द्यायचा नियम आहे. म्हणजे आधी पकडायचा, मग तोंडातला गळ काढायचा, त्याचं कौतुक करायचं आणि परत पाण्यात टाकायचा. हे लोक याला छंद म्हणतात. याच्यापेक्षा भिंतीवर चेंडू मारणारा बरा, निदान त्याला घाम तरी येतो.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. चाळीस वर्षं केला. घराच्या पुढच्या खोलीत बाक, बाकावर पकडी, कानशी, पितळी वजनांची पेटी. दुकानदार पारड्याखाली मेणाची गोळी चिकटवतात, दांडीचा एक हात घासून हलका करतात, आणि वर मलाच सांगतात की काटा आपोआप बिघडला. काटा आपोआप बिघडत नाही. तो खोटं बोलायला लागला की समजावं, मागे माणूस आहे. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात शिकलो आणि ती मला पुरली.

बायको इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायची. तीस वर्षं आजारी लोकांची नावं लिहून घेतली. निवृत्त झाली, पंधरा दिवस घरात भांडी इकडची तिकडे केली, आणि सोळाव्या दिवशी एक लांब कापडी पिशवी घेऊन आली.

"हे काय?"

"काठी."

"ते दिसतंय. कशाला?"

"मासे धरायला."

"तू मासे खातेस?"

"सोडून द्यायचे असतात."

"मग नुसती जाऊन ये की. मासे तिथेच आहेत."

ती हसली. माझ्या असल्या बोलण्यावर ती पस्तीस वर्षं हसत आली होती. मला वाटायचं, तिला ते आवडतं.

रोज सकाळी सहाला जायची, नऊला परत. जेवताना मासा किती मोठा होता ते सांगत नसे, तेवढं बरं होतं. ती फक्त पाणी किती खोल होतं ते सांगायची. "आज पाच फूट नऊ बोटं." मी म्हणायचो, "बोटं हे माप नाही. कुणाची बोटं?" ती म्हणायची, "माझी." झालं, एवढंच. आकडा कमी होत चाललाय हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्याने चाळीस वर्षं आकडे पाहिले त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण बायकोचं बोलणं मी आकडा म्हणून कधी ऐकलंच नाही.

असे जेमतेम चार महिने गेले. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "उद्या तुम्ही चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"तळ्यावर. चारच बोटं राहिलंय."

मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. म्हणालो, "चार बोटं पाण्यात मासे नसतात. बेडूक असतात."

तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि स्वतःचं ताट उचललं. तेव्हा ती हसली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तळ्याच्या फाटकवाल्याचा फोन आला. ती काठावरच्या तिच्या लाकडी फळीवर, तिच्या घडीच्या खुर्चीत बसलेली होती. काठी मांडीवर आडवी. फाटकवाल्याला वाटलं डोळा लागलाय. डॉक्टर म्हणाले हृदय. भेटायला आलेल्यांनी मला सांगितलं की चेहरा किती शांत होता. सगळ्याच मेलेल्या माणसांचे चेहरे शांत असतात. आरडाओरडा करणारा मेलेला मी अजून पाहिलेला नाही.

बेडकाचं ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

मुलगी आमची एकच. नकाशे काढते, इमारतींचे. दुसऱ्या शहरात एकटी राहते आणि जिभेने माझ्यावर गेली आहे. दिवसकार्य उरकून जाताना म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटे इथे काय करणार? भिंतींशी भांडणार? सामान आवरा. चार महिन्यांनी येते आणि तुम्हाला घेऊन जाते." आणि जिन्यावरून परत वर येऊन म्हणाली, "आईची ती काठी विकून टाका. मला बघवत नाही."

म्हणून एका दुपारी काठीची पिशवी बाकावर रिकामी केली. वस्तू विकायची तर आधी ती धड आहे का ते पाहावं, ही धंद्याची सवय. एकात एक बसणाऱ्या पाच नळ्या, जोडल्या की सहा मीटर. काठीला चाक नाही. टोकालाच तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, बांधलेला, त्याच्या खालच्या टोकाला गळ, आणि मध्ये पाण्यावर तरंगणारा बोटभर लांबीचा एक फ्लोट, वर-खाली सरकवता येणारा. शिवाय एक शिशाचं वजन, वर कडी आणि खाली बुचाची पट्टी. आणि नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली. तिने जन्मात नखं रंगवली नव्हती.

लाल रंग काठीवर सापडला. वरच्या नळ्यांवर एकाखाली एक ठिपके होते, बोटाबोटाच्या अंतरावर, शंभराच्या वर. शिडीच्या पायऱ्या असाव्यात तसे.

आणि एक वही. लहान, शाळेत मुलं वापरतात तसली. पहिल्या ओळीत तारीख आणि पुढे: सात फूट दोन बोटं. दुसऱ्या ओळीत: सात फूट एक बोट. तिसऱ्या ओळीत: सात फूट. अशा एकशे बारा ओळी. मध्ये दोन दिवस ती तापाने पडून होती, त्या दोन तारखा नव्हत्या, आणि त्या दोन दिवसांत पाणी जिथे होतं तिथेच होतं. शेवटून दुसरी ओळ, चार बोटं. शेवटच्या ओळीत नुसती तारीख. पुढे काही नाही.

मी वही मिटली आणि हसलो. तळ्याचा तळ रोज एक बोट वर येतो, आणि तोही आमच्या बाईसाहेब हजर असतील त्या दिवशीच. एखाद्या दुकानदाराने असं मला सांगितलं असतं तर मी त्याच्या पारड्याखाली हात घातला असता. इथे कुठेतरी मापाची चूक होती, आणि ती मला शोधायची होती. मेलेल्या बायकोची चूक काढायला निघालेला माणूस कसा दिसत असेल ते दिसो. खरं तर मला दुसरंच काही कळायला हवं होतं. त्या सकाळी तिला मला काय दाखवायचं होतं, आणि ते बघताना ती एकटी होती की काय.

म्हणून वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी मासे पकडायला शिकायला गेलो.

तळं काही बघण्यासारखं नाही. दगडी बांध, पलीकडे पाणी शुद्ध करायचा कारखाना, त्याच्या पंपाची घरघर. काठाने लाकडी फळ्या पाण्यावर पुढे काढलेल्या, प्रत्येकीवर आकडा. तिचा आकडा अकरा. फाटकवाला म्हणाला, "तुम्ही वहिनींचे मिस्टर ना? वर्षाअखेरपर्यंत फळी त्यांच्याच नावावर आहे. बसा की."

दहा नंबरच्या फळीवर एक निवृत्त दंतवैद्य बसायचा. टोपी, बिनबाह्यांचं जाकीट, त्याला चौदा खिसे. त्याने मला शिकवायचं मनावर घेतलं. आयुष्यभर लोकांची तोंडं उघडी ठेवून बोलत राहायची सवय, तिथे समोरच्याने उत्तर द्यायचा प्रश्नच नसतो.

"काठी भाल्यासारखी धरू नका साहेब. मांडीवर टेकवा, कोपराखाली दाबा. हां. आता सगळ्यात पहिलं काम थाह घेणं, म्हणजे पाणी किती खोल ते मोजणं. नवीन माणसं इथेच चुकतात. येतात आणि गळ टाकून मोकळे होतात. तळ कुठे आहे ते माहीत नसेल तर मासा काय मिळणार?"

"तुम्हाला किती मिळाले आज?"

"आज वारा वाईट आहे."

उथळ पाण्याला खळखळाट फार. पण थाह घ्यायची पद्धत त्याने नीट दाखवली, ते मान्य करायला हवं. गळ शिशाच्या कडीतून ओवायचा आणि बुचात टोचायचा. शिसं सरळ खाली सोडायचं. फ्लोट बुडाला तर पाणी जास्त आहे, फ्लोट वर सरकवा. फ्लोट आडवा पडला तर पाणी कमी आहे, खाली सरकवा. फ्लोटचं नुसतं टोक पाण्यावर राहिलं की फ्लोट आणि गळ यांच्यामधलं अंतर म्हणजे खोली. साधी आणि प्रामाणिक युक्ती आहे. मला ती आवडली, आणि आवडली म्हणून राग आला.

मी माझी पोलादी पट्टी नेली होती. मोजलं. सात फूट दीड इंच.

तिच्या दोन बोटांची रुंदी साधारण दीड इंच भरली असती. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. तिची पहिल्या दिवशीची ओळ तेवढी खरी, त्या वेळी तिला शिकवायला दंतवैद्य शेजारी असेल. पुढचं सगळं तिच्या मनाचं.

गळ बुचातून काढताना हाताला शिशाची ऊब लागली. नुकत्याच कुणाच्या मुठीतून आल्यासारखी. म्हटलं उन्हाने तापलं असेल, मग लक्षात आलं की ऊन अजून फळीवर आलेलं नाही. शिसं ही काही ऊब धरून ठेवणारी वस्तू नाही. मी ते पुन्हा पाण्यात बुडवलं, थंड झालं. प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी सात फूट पाऊण इंच.

तिसऱ्या दिवशी बरोबर सात फूट.

मी पट्टी तपासली. घरी आणून दुसऱ्या पट्टीशी ताडून पाहिली. तंगूस ओला झाल्यावर आखडतो का, म्हणून रात्रभर बादलीत ठेवून पाहिला. आखडत नव्हता. तळ्याची पातळी घटते आहे का, म्हणून बांधाच्या दगडावर खडूने रेघ मारली. रेघ जिथे होती तिथेच पाणी. मग गाळ म्हणावा, तर फळीच्या डाव्या बाजूला हातभर अंतरावर शिसं टाकलं, नऊ फूट. उजव्या बाजूला नऊ फूट. फक्त मध्ये, तिच्या खुर्चीच्या समोर, सहा फूट बारा बोटं.

मी बोटांत मोजायला लागलो होतो. कधीपासून ते लक्षात नाही.

दंतवैद्याला म्हटलं, "जरा माझ्या फळीवर येऊन थाह घ्या."

तो त्याची काठी घेऊन आला. त्याने मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "नऊ फूट. चिखल. का हो?"

"काही नाही. पट्टी तपासत होतो."

"तुमच्या मिसेसनीसुद्धा एकदा मला असंच बोलावलं होतं. मी हेच सांगितलं, नऊ फूट. त्या म्हणाल्या, तुमची बोटं मोठी आहेत."

तो खूप हसला. मीही हसलो, कारण विनोद चांगला होता आणि माझ्या बायकोचा होता.

त्यानंतर मी चूक शोधणं सोडून दिलं. रोज जात राहिलो. शिसं रोज एक बोट कमी खाली जायचं आणि रोज कोमट वर यायचं. सुरुवातीला थाह लागताना चिखलात रुतल्यासारखं वाटायचं. पुढे तसं वाटेना. शिसं खाली जाऊन टेकायचं, पण ते कुणीतरी हळूच झेलल्यासारखं. काट्याच्या एका पारड्यात वजन ठेवल्यावर दुसऱ्या बाजूने कुणीतरी बोटाने आधार देतो, तेव्हा दांडीत जो एक खोटा नरमपणा येतो, तो मला ओळखू येतो. चाळीस वर्षं मी त्याच्यावरच पोट भरलं आहे. खाली तसा नरमपणा होता.

मासे मी पकडले नाहीत. कणकेची गोळी लावून मासा फसवायचा आणि फसला म्हणून स्वतःची पाठ थोपटायची, हे मला जमण्यासारखं नव्हतंच. मी थाह घ्यायचो, तिच्या वहीत तिच्या शेवटच्या ओळीखाली लिहायचो आणि घरी यायचो. मध्ये आठ दिवस जायचं नाही असं ठरवून पाहिलं. चौथ्या दिवशी गेलो. तळ तिथेच थांबलेला होता, माझी वाट बघत असावा तसा.

दोन फूट राहिल्यावर पाण्यात वाकून पाहिलं. काही दिसलं नाही. शिसं दिसत होतं, बुचाची पट्टी दिसत होती, आणि शिसं कशावर टेकलं होतं ते दिसत नव्हतं.

मला भीती वाटली नाही. हे मोठेपणाने सांगत नाही. भीती वाटायला पुढे काहीतरी हवं असतं, आणि माझ्यापुढे पोरीच्या घरातली एक खोली होती.

चार महिन्यांनी, ठरल्याप्रमाणे, मुलगी मला न्यायला आली. आठ दिवसांची रजा काढून. दार उघडलं तर आधी दारामागची काठी तिला दिसली.

"विकली नाहीत?"

"शिकतोय."

"काय?"

"मासे पकडायला."

"तुम्ही? आईची टिंगल केलीत तुम्ही त्यावरून. माझ्याजवळ फोनवर सांगायची ती. हसत हसत सांगायची, पण सांगायची." तिने चपला काढल्या. "आता ती गेल्यावर उपरती झाली होय. वा. वरातीमागून घोडं."

त्या दिवशी सकाळी मी वहीत चार बोटं लिहिलं होतं.

संध्याकाळी जेवताना म्हणालो, "उद्या तू चल माझ्याबरोबर."

माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि घास तसाच हातात राहिला. मला ते तिला म्हणायचं नव्हतं. म्हणजे म्हणायचं होतं, पण असं नाही. मला एकट्याने जायचं नव्हतं, बस. तिच्या आईलाही एवढंच हवं असेल का, की आणखी काही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मुलगी म्हणाली, "मला असल्या कामाला वेळ नाही." मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, चला. एकदा बघू तरी, आईला त्यात काय दिसत होतं."

सकाळी साडेसहाला आम्ही अकरा नंबरच्या फळीवर होतो. दंतवैद्य आला नव्हता. पंपाची घरघर चालू होती. पाण्यावर वारा नव्हता. मी खुर्चीत बसलो, मुलगी माझ्या मागे उभी राहिली, हात खिशात.

"एवढंच? पाण्याकडे बघत बसायचं?"

"थांब. आधी थाह घ्यायची."

मी शिसं अडकवलं आणि सोडलं. हिशेबाने तीन बोटं खाली जायला हवं होतं.

ते पाण्यावर राहिलं.

तरंगलं नाही. शिसं तरंगत नसतं. टेबलावर ठेवलेली वस्तू जशी राहते तसं राहिलं. त्याच्या बाजूने पाणी हलत होतं.

"बाबा, इथे पाणीच नाही का?" मुलगी म्हणाली.

तंगुसातून, मग काठीतून, मग माझ्या तळहातात काहीतरी वर येत होतं. ऊब होती ती. तिच्यात दुखणं नव्हतं. कोपरापर्यंत आली. इस्पितळातून आल्यावर बायको तिचे हात माझ्या मानेवर ठेवायची, थंडीच्या दिवसांत. मी म्हणायचो, हात धुतलेस का आधी. ऊब खांद्यापर्यंत आली. छातीत काहीतरी हळूच थांबायच्या बेतात होतं, आणि मला ते चालणार होतं.

"अहो, धरा नीट! कसे हात थरथरतायत. द्या इकडे."

मुलीने काठी माझ्या हातातून ओढून घेतली.

ऊब गेली. दार लावून घ्यावं तशी.

आणि शिसं बुडालं.

सरळ खाली गेलं, फ्लोटला घेऊन. मुलगी हसली. "बुडलं की! तुम्हालाच जमत नव्हतं." तिने काठी वर घेतली, फ्लोट वर सरकवला, पुन्हा सोडला. कसं करायचं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तीन-चार वेळा तिने असं केलं आणि फ्लोटचं टोक पाण्यावर ताठ उभं राहिलं. तिने तंगूस काठीला लावून पाहिला. फ्लोट सगळ्यात वरच्या लाल ठिपक्यावर आला.

"हा पहिला ठिपका. म्हणजे किती?"

मी मांडीवरच्या वहीवर हात ठेवला.

तिने माझ्या मांडीवरची वही उचलली आणि पहिलं पान उघडलं. "सात फूट दोन बोटं. बरोबर. लिहा, बाबा."

चाळीस वर्षांत मी एकदाही चुकीचा आकडा लिहिला नव्हता. दुकानदारांनी हात जोडले, दम दिला, तरी नाही. त्या सकाळी मी तारीख घातली आणि पुढे लिहिलं, नऊ फूट. चिखल.

मुलीने वाकून पाहिलं. "डोळे तपासून घ्या," म्हणाली. पेन्सिल माझ्या हातातून घेतली, टोक जिभेला लावलं, तिची आई लावायची तसं, आणि माझ्या आकड्यावर काट मारून बरोबर आकडा लिहिला. मग शिसं मुठीत धरलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

"छान कोमट आहे," ती म्हणाली.

घरी येताना सबंध वाटेवर मला एकच गोष्ट दिसत होती. त्या शेवटच्या सकाळी मी बरोबर गेलो असतो, तिची चेष्टा केली असती, आणि नेहमीप्रमाणे म्हणालो असतो, तुला जमत नाही, दे इकडे.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याआधी उठून गेली. मी मागोमाग गेलो. तिच्या हातातून काठी घेतली, जवळजवळ हिसकावलीच, आणि थाह घेतली. मध्येच, खुर्चीसमोर. नऊ फूट. शिशाला चिखल लागून आला. शिसं थंड होतं. मी पुन्हा टाकलं. नऊ फूट. तिसऱ्यांदा टाकायला लागलो तर ती म्हणाली, "झालं? आता द्या." तिने टाकलं. सात फूट एक बोट.

तेव्हा मला कळलं की मध्येच घेऊन उपयोग नाही. काठी तिच्या हातातून शेवटच्या दिवशी घ्यायला हवी.

काठी मोडून टाकावी, असं मनात आलं. एकदा तर पकडीत धरलीही होती. पण एखाद्याने पारडं झेलून धरलं असेल तर काटा मोडून त्याचा हात निघत नाही. तो हात कुठे जातो ते मात्र कळेनासं होतं.

आठ दिवसांची रजा संपली. मुलगी गेली नाही. म्हणाली, "काम काय, कुठूनही करता येतं." तिने आईच्या टेबलावर आपला संगणक मांडला. मी म्हटलं, "चल, मीच येतो तुझ्याकडे राहायला. आजच निघू." ती म्हणाली, "तुम्हीच म्हणत होतात ना, इथून हलणार नाही?" मी तिला सगळं सांगून पाहिलं. वही दाखवली, तारखा दाखवल्या. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, गाळ असतो तो. तुम्ही जन्मभर काटे दुरुस्त केलेत, आणि असल्या गोष्टींवर विश्वास ठेवता?" अगदी माझा आवाज. मीही हेच म्हणालो असतो.

मग वही दिसेनाशी झाली. काठी अजून दारामागेच असते, वही मात्र ती स्वतःजवळ ठेवते. रोज नऊला परत आली की मी विचारतो, "आज किती?"

ती म्हणते, "आहे पुष्कळ."

तिला वाटतं, मला कळत नाही. पण आकडा लिहून ठेवण्यासाठी वही लागत नाही. फ्लोट जिथे सरकवलेला असतो तिथेच राहतो. रोज दुपारी ती अर्धा तास आडवी होते, तेव्हा मी पिशवी उघडतो, गुंडाळलेला तंगूस सोडवतो आणि फ्लोटपासून गळापर्यंत मोजतो. एकशे दहा दिवस मी हे करतो आहे. बायकोचं मी चार महिने ऐकलं नाही. हिचं एक बोटही चुकू दिलेलं नाही.

आज दुपारी मोजायला पट्टी लागली नाही. फ्लोट आणि गळ यांच्यामध्ये हात ठेवला. माझी चार बोटं जेमतेम मावली.

संध्याकाळी ती जेवायला बसली तेव्हा मी ताट बाजूला सारलं. तिला आकडा मी विचारला नाही, माझा सांगितला नाही. शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणालो, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. काठी मी धरेन."

तिने मोबाइलमधून मान वर केली नाही.

"काय करणार येऊन, बाबा?" ती म्हणाली. "चार बोटं पाण्यात मासे नसतात. बेडूक असतात."